छपरांचे किलोवॉट मोजता, तसे डीपीवरचे व्होल्टही मोजा : वीज नियामक आयोगाला खुले पत्र

मा. अध्यक्ष व सदस्य,
गुजरात वीज नियामक आयोग,
गांधीनगर

सविनय नमस्कार.

बडोद्यातल्या घरांच्या गच्च्यांवर सौर पॅनेल बसवून देणं हा माझा धंदा. याच गावात शिकले, याच गावात तारा ओढते. या पत्राची गुजराती प्रत आपल्याकडे रीतसर पोचेल. मराठीत ते इथे मांडते आहे, कारण माझी निम्मी गिऱ्हाइकं दांडिया बाजार, कारेलीबाग नि रावपुऱ्यातली मराठी घरं आहेत. यातल्या बऱ्याच गोष्टी ती मला रोज विचारतात आणि जिन्यात उभ्या उभ्या त्यांचं पूर्ण उत्तर देता येत नाही.

आधी जे चांगलं झालंय ते सांगते. घरगुती छपरांवरच्या सौर विजेत गुजरात देशात पुढे आहे, आणि ते काही नुसतं ऊन भरपूर आहे म्हणून नव्हे. ऊन राजस्थानातही आहे. इथे २०१९ मध्ये ‘सूर्य गुजरात’ योजना आली, कागदपत्रं सोपी झाली, बसवणारे तयार झाले आणि शेजाऱ्याचं बिल शून्यावर आलेलं पाहून शेजारी पुढे आला. मग फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राची पंतप्रधान सूर्यघर योजना आली : ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद, एक कोटी घरांचं उद्दिष्ट, तीन किलोवॉटच्या यंत्रणेला ७८,००० रुपये अनुदान. तेव्हापासून फोनला उसंत नाही. धंदा म्हणून मी खूश आहे. तरीही हे पत्र लिहिते आहे, कारण या सगळ्या गडबडीत मोजमाप चाललंय ते छपरांचं. किती घरं झाली, किती किलोवॉट बसले, अनुदान किती वाटलं. त्या छपरांवरची वीज ज्या एका लोखंडी पेटीतून जाते, त्या गल्लीतल्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, दुपारी बारा वाजता काय होतं, याचा हिशेब जाहीरपणे कुठेच मांडलेला नाही.

हा हिशेब अवघड नाही. गल्लीतला ट्रान्सफॉर्मर ११,००० व्होल्टचे ४३३ व्होल्ट करतो. हे ४३३ दोन फेजांमधले (फेज म्हणजे लाईनच्या तीन जिवंत तारांपैकी एक). एका फेजचे न्यूट्रलशी मोजले तर २५० होतात. घरी हवेत २३०. मग २० व्होल्ट जास्त का दिले? कारण ज्या काळी हे आकडे ठरले तेव्हा वीज एकाच दिशेने जात होती, डीपीकडून घराकडे. वाटेत तारेत काही व्होल्ट गळणार, शेवटच्या घराला कमी पडायला नको, म्हणून सुरुवातीलाच भरपूर देऊन ठेवायचे. शहाणपणाचीच रचना होती ती, आणि पंख्या-दिव्यांच्या काळात ती चोख चालली.

आता त्याच तारेच्या शेवटच्या टोकाला पाच किलोवॉटची सौर यंत्रणा बसवा. वीज घराकडून डीपीकडे निघाली. पाणी जसं उताराकडेच जातं, तशी वीज बाहेर ढकलायची तर इन्व्हर्टरला (पॅनेलची वीज घरच्या विजेत बदलणारं यंत्र) स्वतःचं व्होल्टेज तारेपेक्षा वर न्यावं लागतं. पूर्ण भरात पाच किलोवॉट म्हणजे साधारण २२ अँपिअर. दहा चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियमची सर्व्हिस वायर धरली आणि खांबापासून मीटरपर्यंत ३० मीटर अंतर धरलं, तर जाऊन-येऊन ६० मीटर तारेत चार व्होल्ट चढतात. हे फक्त त्या एका घराच्या स्वतःच्या वायरमध्ये. खांबांवरून जाणाऱ्या लाईनमध्ये सगळ्या घरांची वीज मिळून जे चढतात ते वेगळे.

आणि इन्व्हर्टरला थांबायचंय कुठे? केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०१३ च्या विनियमांनुसार व्होल्टेज ११० टक्क्यांच्या वर गेलं की दोन सेकंदांच्या आत लाईनपासून सुटायचं. २३० चे ११० टक्के म्हणजे २५३. डीपीवर लोड नसेल तर तिथेच २५० उभे. म्हणजे अख्ख्या गल्लीच्या सौर विजेसाठी जागा उरली तीन व्होल्टांची, आणि चार तर एकट्या सर्व्हिस वायरने खाल्ले.

मान्य आहे, लोड असला की डीपीचे २५० राहत नाहीत, उतरतात. पण सौर वीज भरात असते ती दुपारी, आणि घरगुती वस्तीत दुपारी लोड कितीसा असतो? माणसं कामावर, मुलं शाळेत, घरात एक फ्रीज आणि एखाद्या आजीचा पंखा.

कारेलीबागेतल्या एका सोसायटीत ओळीच्या अगदी शेवटच्या बंगल्यात एक काकू राहतात. एका रविवारी दुपारी त्यांचा फोन आला.

“अगं, एवढं लख्ख ऊन पडलंय आणि तुझं यंत्र लाल दिवा लावून गप्प बसलंय. पॅनेल हलकी तर नाही ना दिलीस?”

गेले. पॅनेल ठणठणीत. मीटर लावला तर मीटरपेटीत २५४, मध्येच २५५. इन्व्हर्टरच्या पडद्यावर ‘ग्रिड ओव्हर व्होल्टेज’. पाच मिनिटांनी तो स्वतःच चालू झाला, हळूहळू वर चढला, लाईनने पुन्हा २५३ ओलांडले, पुन्हा टक् करून सुटला. असा खेळ दुपारभर. मग चालत डीपीजवळच्या पहिल्या बंगल्यात गेले. तिथे २४९, तिथला इन्व्हर्टर हिरवा दिवा लावून मजेत.

काकूंना सांगितलं, “लाईनला व्होल्टेज जास्त आहे.”

“जास्त असलं तर चांगलंच की. कमी असतं तर मी तक्रार केली असती.”

समजावून सांगितल्यावर त्यांनी जो प्रश्न विचारला तो मी आपल्यापुढे जसाच्या तसा ठेवते. “म्हणजे त्यांचं चालू आणि माझं बंद, ते घर पहिलं नि माझं शेवटचं म्हणून? मग मी पैसे कमी का नाही दिले?”

त्या गल्लीत कुणाचीही चूक नव्हती. ट्रान्सफॉर्मर जसा बनवला तसा वागत होता. लाईन जुन्या गरजेप्रमाणे ओढलेली होती. इन्व्हर्टर नियम पाळत होता. तरी निकाल अन्यायाचाच लागतो : सगळ्यांनी मिळून व्होल्टेज चढवलं आणि दंड फक्त शेवटच्या घराने भरला. अनुदान देताना पहिलं घर नि शेवटचं घर असा भेद नाही. मग वीज देताना तो का असावा, आणि असायचाच असेल तर बसवण्याआधी ते काकूंना कुणी सांगायचं?

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट उघड बोलते. भाईबंद रागावतील, पण आपल्याला ती कळायला हवी. असा फोन आला की पुष्कळ बसवणारे मोबाईलवर इन्व्हर्टरचं ॲप उघडतात, आत पासवर्ड टाकतात आणि २५३ ची मर्यादा वर सरकवतात. कुणी देशाचं सेटिंगच (कुठल्या देशाचे नियम पाळायचे ते) बदलून टाकतात. लाल दिवा जातो, गिऱ्हाईक खूश, चहा मिळतो. पण आता त्या घराचा इन्व्हर्टर २६० वरही वीज ढकलत राहतो आणि शेजाऱ्याच्या फ्रीजच्या कार्डाला, एलईडी दिव्यांना, वॉशिंग मशीनला ते २६० मिळतात. शेजाऱ्याच्या छपरावर पॅनेलसुद्धा नसतं. त्याचे दिवे वारंवार का उडतात हे त्याला कधीच कळत नाही. शिवाय मर्यादा वाढवणारा जिंकतो आणि न वाढवणारा आणखी लवकर बंद पडतो, म्हणून मग सगळेच वाढवतात.

हे कधी होतं तेही ऐकून घ्या, कारण बैठकांमध्ये मे महिन्याची चर्चा फार होते. मे महिन्यात सौर वीज अडचण करत नाही, उलट ती वाचवते. दुपारी घराघरात एसी चालू असतात, पॅनेलची वीज शेजारीच खपते, डीपीवरचा ताण उतरतो, दूरच्या सबस्टेशनपासून वीज आणण्यात जी गळती होते तीही वाचते. अडचण जानेवारी-फेब्रुवारीत येते. आभाळ निरभ्र, हवा गार, आणि गार पॅनेल जास्त वीज देतं हे बऱ्याच जणांना खरंच वाटत नाही. एसी बंद, पंखेसुद्धा बंद. त्यात सुट्टीचा दिवस. आमच्याकडे उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, अख्खं गाव गच्चीवर असतं, घरात दिवा लावायलाही कुणी नसतं. (पॅनेलवर उंधियूची ताटली ठेवू नका, मांजा ओढताना त्यावर पाय देऊ नका, हे मला दर वर्षी गिऱ्हाइकांना सांगावं लागतं. पुन्हा सांगते.) त्या दुपारी एखाद्या दाट सौर वस्तीतल्या डीपीवर मीटर लावून पाहिलं, तर मी म्हणते ते आकड्यांत दिसेल.

आता नियमांकडे येते. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी केंद्राने वीजग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली. १० किलोवॉटपर्यंतच्या छपराला तांत्रिक तपासणीची अट राहिली नाही, अर्ज आला की मंजूर धरायचा. त्याहून मोठ्याला तपासणी १५ दिवसांत. यंत्रणा सुरू करून देण्याची मुदत ३० वरून १५ दिवसांवर आली. आणि ५ किलोवॉटपर्यंत लाईन किंवा ट्रान्सफॉर्मर वाढवायची गरज पडली तर तो खर्च वितरण कंपनीने करायचा. ग्राहकाच्या बाजूने हे उत्तम आहे. पूर्वी तपासणीच्या नावाखाली अर्ज पडून राहत, तो खोळंबा गेला. तपासणी परत आणा, असं मी अजिबात म्हणत नाही.

पण एका घराच्या दहा किलोवॉटने काय होणार, हे विचारायची गरज नाही असं म्हणताना, त्याच डीपीवरच्या चाळीस घरांच्या मिळून काय होणार हे कुणीतरी विचारलंच पाहिजे. तो प्रश्न ग्राहकाला विचारायचा नाही, ग्राहक येण्याआधीच डीपीला विचारायचा. १०० केव्हीएच्या (केव्हीए म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या क्षमतेचं माप) ट्रान्सफॉर्मरवर आज किती सौर जोडलंय, कुठल्या फेजवर किती, दुपारचं सगळ्यात जास्त व्होल्टेज काय, आणखी किती मावेल. हे एकदा काढून ठेवलं की अर्ज दोन मिनिटांत मंजूर करायला कुणाचीच हरकत नसावी. अमेरिकेत कॅलिफोर्नियात वितरण कंपन्यांना कुठल्या लाईनवर किती सौर मावेल याचे नकाशे प्रसिद्ध करावे लागतात. कुणीही घरबसल्या पाहू शकतो. आपल्याकडे तर गोष्ट आणखी सोपी आहे. राज्याच्या बऱ्याच वीज कंपन्यांची मुख्यालयं बडोद्यात, राज्यभरच्या विजेवर नजर ठेवणारं भारप्रेषण केंद्र इथेच गोत्रीला, ट्रान्सफॉर्मर तपासणारी एर्डा ही संस्था मकरपुऱ्यात. एवढी विद्युत विद्या एका शहरात सहसा एकत्र सापडत नाही. तरी गोत्रीच्या पडद्यावर मोठ्या सौर प्रकल्पांची वीज दिसते, कारेलीबागेतल्या छपरांची दिसत नाही. ती फक्त ‘मागणी कमी झाली’ अशी भासते.

नवीन लाईन ओढणं, मोठा ट्रान्सफॉर्मर बसवणं हा शेवटचा उपाय असावा, कारण त्याचा पैसा शेवटी वीजदरातून सगळ्यांकडूनच वसूल होतो. त्यात वाडी भागातल्या पोळांमध्ये, जुन्या अरुंद गल्ल्यांमध्ये, भाड्याने राहणारे आले, ज्यांना स्वतःचं छप्परच नाही. दांडिया बाजारातले जुने वाडे आले, जिथे एका गच्चीचे सात वारस असतात आणि सातांच्या सह्या एका कागदावर येणं पॅनेल बसवण्यापेक्षा अवघड. त्यांच्या बिलातून माझ्या गिऱ्हाइकांची लाईन जाड व्हावी, हे मला पटत नाही. तर आधी स्वस्तातले उपाय.

सगळ्यात स्वस्त उपाय ट्रान्सफॉर्मरच्या अंगावरच असतो : व्होल्टेज थोडं वर-खाली करायची कळ, तिला टॅप म्हणतात. मोठ्या वितरण ट्रान्सफॉर्मरवर साधारण अडीच टक्क्यांच्या पायऱ्यांचा टॅप असतो. एक पायरी खाली घेतली की २५० चे साधारण २४४ होतात. तीन व्होल्टांची जागा नऊ व्होल्टांची झाली, आणि खर्च? वीज थोडा वेळ बंद करून एका माणसाने किल्ली फिरवायची, एवढाच. मग हे सगळीकडे का होत नाही? कारण मे महिन्यातल्या रात्री, सगळे एसी चालू असताना, त्याच शेवटच्या घराला २०५ मिळायला लागले तर लोक अभियंत्याच्या दारात येतात. दुपारच्या २५५ साठी कुणी येत नाही. म्हणून टॅप वरच ठेवणं हा सवयीचा, सुरक्षित निर्णय. अभियंत्यांना मी दोष देत नाही, त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. उपाय असा की वर्षातून दोनदा टॅप फिरवावा : दिवाळीनंतर एक पायरी खाली, होळीनंतर पुन्हा वर. दाट सौर वस्तीतल्या, टॅप असलेल्या डीप्यांपुरताच. हे देखभालीच्या वेळापत्रकात एका ओळीने बसतं. पण ती ओळ आयोगाने घालायला सांगितली तरच बसेल. छोट्या ट्रान्सफॉर्मरला टॅप नसतो, तिथे पुढचे उपाय.

पुढचा उपाय फेजांचा. एका फेजवरच्या यंत्रणा बसवताना कुठल्या फेजवर काय पडलं हे कुणी पाहत नाही. कित्येक ठिकाणी एकाच फेजवर सौरची गर्दी आणि उरलेल्या दोन मोकळ्या. खांबावर चढून दोन सर्व्हिस वायरी हलवल्या की काही व्होल्ट उतरतात. एवढंच.

इन्व्हर्टरचा उपाय मात्र नीट समजून घ्यायला हवा, कारण इथे परदेशातली सेटिंग जशीच्या तशी उचलली तर नुकसान होईल. आजचा चांगला इन्व्हर्टर दोन कामं करू शकतो. व्होल्टेज चढायला लागलं की तो लाईनमधून रिॲक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करणारी, पण व्होल्टेज वर-खाली करणारी वीज) ओढून ते थोडं खाली आणू शकतो. आणि तेवढ्याने भागलं नाही तर धाडकन बंद पडण्याऐवजी आपली वीज हळूहळू कमी करू शकतो. काकूंचा इन्व्हर्टर पाचवरून शून्यावर गेला. त्याऐवजी पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळेच थोडे थोडे उतरले असते, तर कुणी चार द्यावे, कुणी साडेतीन, पण शून्य कुणीच नाही. हाच तो समान न्याय, आणि तो यंत्रात आधीच बसवलेला आहे. फक्त चालू करायचा राहिलाय.

पण अमेरिकेच्या २०१८ च्या मानकात ही उतरण नेहमीच्या व्होल्टेजच्या १०६ टक्क्यांपासून सुरू होते. आपल्या २३० चे १०६ टक्के म्हणजे २४४ च्या आतबाहेर. आणि आपला ट्रान्सफॉर्मर बिनलोडचा २५० वर उभा! टॅप न हलवता उतरणीचा तो आलेख इथे चिकटवला तर भरदुपारी चांगली वीज विनाकारण वाया जाईल आणि लोक आम्हाला शिव्या देतील. म्हणून आधी टॅप, मग इन्व्हर्टरची रेषा, आणि ती रेषा आपल्या ४३३ च्या हिशेबाने आखलेली हवी. रिॲक्टिव्ह पॉवरवरही फार भिस्त नको. ट्रान्सफॉर्मरमध्ये ती चांगली लागू पडते, पण गल्लीतल्या बारीक ॲल्युमिनियमच्या तारेत रेझिस्टन्सच जास्त असतो, तिथे तिचा जोर कमी पडतो.

ही सेटिंग आत्ताच ठरवायची घाई का, ते जर्मनीने दाखवलंय. तिथे सुरुवातीच्या काळात सगळ्या इन्व्हर्टरना फ्रिक्वेन्सी (विजेची कंपनसंख्या, एरवी ५०) ५०.२ हर्ट्झला पोचली की ताबडतोब सुटायला सांगितलं होतं. छपरं थोडी होती तोवर चाललं. छपरं वाढल्यावर लक्षात आलं की फ्रिक्वेन्सी त्या आकड्याला टेकली तर सगळी सौर वीज एका क्षणात जाईल आणि युरोपची ग्रिड हादरेल. मग २०१२ मध्ये कायदा करून तीन लाखांहून जास्त यंत्रणांची सेटिंग बदलावी लागली. घरोघरी माणसं पाठवून. आपण आज जे इन्व्हर्टर बसवतोय ते दहा-बारा वर्षं भिंतीवर राहणार आहेत.

मागणीच्या बाजूचा एक उपाय तर सोसायट्यांच्याच हातात आहे. पाण्याचा पंप. पाच हॉर्सपॉवरची मोटर म्हणजे पावणेचार किलोवॉट, म्हणजे एका बंगल्याची भरदुपारची वीज जवळजवळ सगळी. आणि आमच्या सोसायट्यांमध्ये पंप कधी चालतो? पहाटे सहाला. कारण वॉचमनची सवय, आणि टाकी भरलेली दिसली की सेक्रेटरींना झोप लागते. बाराला चालवा म्हटलं की विचारतात, फायदा काय? वेळेनुसार दर जिथे लागलेला नाही तिथे खरंच फायदा नाही, कारण नेट मीटरिंगमध्ये (आलेल्या विजेतून बाहेर दिलेली वजा करून बिल) दुपारचं युनिट नि रात्रीचं युनिट सारखंच मोजलं जातं. केंद्राच्या जून २०२३ च्या नियमांनी दिवसातले आठ सौर तास स्वस्त आणि गर्दीचे तास महाग अशा दरांची चौकट दिली. शेती सोडून सगळ्या ग्राहकांसाठी त्याची शेवटची मुदत १ एप्रिल २०२५ होती, स्मार्ट मीटर असेल तिथे. आपण हे दर सर्वांत आधी सोसायट्यांच्या सामाईक मीटरना लावा. पंप, लिफ्ट, वाहनांचं चार्जिंग, सगळं त्याच मीटरवर असतं, निर्णय एक कमिटी घेते, आणि सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक सोयींसाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदानही आहेच. घराघरातल्या गृहिणीला ‘इस्त्री बाराला कर’ सांगण्यापेक्षा हे सोपं.

स्मार्ट मीटर म्हटलं की बडोद्यात आवाज चढतात. मे २०२४ मध्ये प्रीपेड स्मार्ट मीटरविरुद्ध इथे लोक रस्त्यावर आले होते, ते आपल्याला माहीत आहे. लोकांचा राग समजण्यासारखा होता. मीटर कंपनीला सगळं सांगतो आणि आपल्याला फक्त शिल्लक संपल्याचा निरोप देतो, असं त्यांना वाटलं. पण हाच मीटर दिवसभराचं व्होल्टेजही नोंदवू शकतो. ते ग्राहकाला मोबाईलवर दिसलं पाहिजे, असा आदेश आपण द्या. काकूंना स्वतःच्या मीटरवर दुपारचे २५५ दिसले असते तर पॅनेल हलकी निघाली का, हा संशयच आला नसता. आणि शेजारच्या दिवे उडणाऱ्या माणसाच्या हातातही काहीतरी पुरावा आला असता.

ऑगस्ट २०२४ च्या पुराबद्दलही थोडं. विश्वामित्री नदी गावात शिरली, पुष्कळ भागांत सुरक्षेसाठी वीज बंद ठेवावी लागली, आणि त्या दिवसांत मला सगळ्यात जास्त वेळा विचारलं गेलं : डोक्यावर पॅनेल आहेत, पाऊस थांबून ऊन पडलंय, मग घरात अंधार का? उत्तर असं की लाईन मेली की साधा इन्व्हर्टर मुद्दाम बंद होतो. तो तसा झाला नाही तर तुमची वीज उलटी लाईनमध्ये जाईल आणि कमरेएवढ्या पाण्यात तार जोडणारा वायरमन जिवानिशी जाईल. हा नियम एक अक्षरही सैल करू नका. पण लाईनपासून पूर्ण सुटून घरातला एखादा दिवा, फोन आणि फ्रीज चालवणारे, बॅटरी जोडता येणारे इन्व्हर्टर बाजारात आहेत. महाग आहेत म्हणून लोक घेत नाहीत. निदान नदीकाठच्या वस्त्यांमध्ये सोसायटीच्या सामाईक यंत्रणेला, वरच्या मजल्यावर ठेवलेल्या छोट्या बॅटरीसह, वेगळी सवलत देता येईल का, याचा विचार व्हावा. तीच बॅटरी एरवी जानेवारीच्या दुपारी जास्तीची वीज पोटात घेईल.

तर आपल्याकडे मागणं आहे ते मुख्यतः एका वहीचं. ज्या डीपीवर जोडलेली सौर क्षमता तिच्या केव्हीएच्या निम्म्याच्या वर गेली, त्या प्रत्येकीची नोंद : क्षमता, फेजवार सौर, टॅप कुठल्या पायरीवर, डीपीवर आणि शेवटच्या मीटरवर दुपारी बारा ते दोनचं कमाल व्होल्टेज. ही वही संकेतस्थळावर सगळ्यांना दिसावी, दर तीन महिन्यांनी नवी व्हावी. निम्म्याची रेघ मी अनुभवाने ओढली आहे, अभ्यासाने ती कमीजास्त ठरली तर हरकत नाही. माणसं कमी पडत असतील तर आमच्या कलाभवनाला सांगा. १८९० साली सयाजीरावांनी ते हातांनी काम करणारे तंत्रज्ञ घडवायला काढलं, आज ती विद्यापीठाची तंत्रज्ञान विद्याशाखा आहे. विद्युतच्या मुलांना एका सत्रात शंभर डीप्या मोजायला लावल्या तर त्यांचा प्रकल्प होईल आणि आपली वही सुरू होईल.

आणि एक मागणं आमच्याविरुद्ध. यंत्रणा सुरू करताना जो अहवाल भरला जातो त्यात इन्व्हर्टरची व्होल्टेज मर्यादा, देशाचं सेटिंग आणि सुटण्याची वेळ हे तीन रकाने भरणं सक्तीचं करा, पडद्याच्या फोटोसह. बसवणाऱ्याचा पासवर्ड त्यानंतर बंद व्हावा आणि बदल करायचा असेल तर वितरण कंपनीच्या लेखी परवानगीनेच व्हावा. दर वर्षी काही यंत्रणांची अचानक तपासणी करा. मर्यादा वर सरकवलेली सापडली तर ग्राहकाला नाही, बसवणाऱ्याला काळ्या यादीत टाका. माझं नाव त्या यादीत सापडलं तर मलाही.

आपली,
बडोद्यातली एक सौर यंत्रणा बसवणारी